केअर होममधल्या नर्सेससाठीचं रेझिलियन्स ट्रेनिंग, सहा सेशन पूर्ण केल्यानंतरचा माझा रिव्ह्यू

आमच्या केअर होममध्ये मॅनेजमेंटने बाहेरच्या एका संस्थेकडून नर्सेससाठी रेझिलियन्स ट्रेनिंग, म्हणजे ताणातून सावरायची ताकद वाढवायचं ट्रेनिंग, ठेवलं होतं. सहा सेशन, दर पंधरा दिवसांनी एक, दीड दीड तासाचं, सोबत मोबाइलवरचं ॲप आणि वाटलं तर काउन्सेलरशी फोनवर बोलायची सोय. मी सहाच्या सहा सेशन केली, दोन तर नाइट संपवून तशीच थेट जाऊन बसले होते, आणि ॲपसुद्धा तीन महिने मनापासून वापरून बघितलं. संस्थेचं नाव लिहीत नाहीये, कारण अशी ट्रेनिंगं आता बरेच जण देतात आणि मला जे सांगायचंय ते एका संस्थेपुरतं नाहीये. तुमच्याकडे असं काही येणार असेल किंवा तुम्ही इन्चार्ज असाल आणि मागवायचा विचार करत असाल तर हे वाचून ठरवा.

आधीच सांगते म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे वाचायला नको. शिकवणारी माणसं चांगली, गटात बसून बोलायचा भाग फार म्हणजे फारच चांगला, ॲप आमच्या कामाचं नाही, आणि ड्युटी लिस्ट हा विषय त्यांनी चौथ्या सेशनपर्यंत काढलाच नाही, तो आम्ही काढला. पाचपैकी साडेतीन स्टार.

मी अकरा वर्षं म्हाताऱ्या माणसांमध्ये काम करतेय. त्याआधी दोन वर्षं हॉस्पिटलमध्ये होते त्यामुळे फरक माहितीये. हॉस्पिटलमध्ये पेशंट येतो, बरा होतो, घरी जातो, कधी दगावतोही, पण बहुतेक वेळा आपण त्याला महिनाभरानंतर विसरलेलो असतो. केअर होममध्ये तसं नसतं. इथे आजी तीन तीन, चार चार वर्षं असतात, त्यांना कुठल्या कुशीवर झोप लागते, कुठली गोळी त्या जिभेखाली लपवतात, मुलीचा फोन आल्यावर कशा बोलतात आणि न आल्यावर कशा गप्प होतात, सगळं आपल्याला पाठ असतं. आणि इथून बरं होऊन घरी जाणारं जवळपास कोणी नसतं. तेव्हा इथल्या नर्सला सावरायला जे लागतं ते वेगळं असतं, आणि ट्रेनिंग घेणाऱ्याला हा फरक कळलाय की नाही ते पहिल्या अर्ध्या तासात समजतं. यांना पहिल्या दिवशी तो कळला नव्हता, पण शेवटी कळला होता, हे मी त्यांच्या बाजूने लिहितेय.

पहिलं सेशन मला अजिबात आवडलं नाही. गेल्या गेल्या प्रश्नपत्रिका हातात. कॉनर आणि डेव्हिडसन यांनी 2003 साली काढलेली रेझिलियन्स मोजायची पट्टी असते, 25 वाक्यं, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 100 पैकी बेरीज. ती नावाजलेली पट्टी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की बेरीज करून झाल्यावर ती गटात मोठ्याने सांगायला लावली. आमच्यातली एक सिस्टर, डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृती आणि समज जात जाणाऱ्या आजाराच्या, पेशंटना तिच्यासारखं हाताळणारं आमच्याकडे दुसरं कोणी नाही, तिचे सगळ्यांत कमी आले. तिच्या लागोपाठ चार नाइट झाल्या होत्या आणि घरी आई आजारी होती. ती तो कागद घडी करून खिशात घालून बसली आणि दीड तासात एक शब्द बोलली नाही. चार नाइट झालेल्या माणसाला 'मी बदलांशी जुळवून घेऊ शकते का' विचारलं तर तो काय लिहिणार सांगा. मोजायचंच असेल तर आकडा ज्याचा त्याच्याजवळ राहू द्या, आणि ज्या दिवशी माणूस झोपून आलाय त्या दिवशी मोजा. हे मी फीडबॅक फॉर्ममध्येही लिहिलं, पुढच्या वेळी त्यांनी आकडे विचारले नाहीत.

दुसरं सेशन श्वासाचं, अंग सैल सोडायचं, चार मोजत श्वास घ्यायचा, चार मोजत धरायचा, चार मोजत सोडायचा, पुन्हा चार थांबायचं. शिकवलं छान, आणि हे उपयोगाचं नाही असं मी म्हणणार नाही, मी वापरते. पण कुठे वापरते ते सांगते. आमच्याकडे एक आजोबा आहेत, डिमेन्शिया पुढच्या टप्प्यातला, बोलणं गेलेलं. आंघोळ घालताना ते मारायचे, एकदा माझ्या कानफटात इतक्या जोरात बसली की डोळ्यांपुढे अंधारी आली. मी बाथरूमच्या दाराला टेकून चार चारचे पाच सहा श्वास घेतले, हात थरथरायचे थांबले, इथपर्यंत श्वासाचं काम झालं. पण राग उतरला तो दुसऱ्याच गोष्टीने. न बोलणाऱ्या पेशंटचं दुखणं ओळखायची पेनॅड नावाची पट्टी असते ना, श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजूत घातल्यावर शांत होतात का, या पाच गोष्टी बघायच्या, प्रत्येकी 0 ते 2, ती मी दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी लावली. डावा हात वर उचलला की चेहरा आवळायचा, श्वास चढायचा. खांदा दुखत होता त्यांचा! डॉक्टरांना दाखवलं, दुखण्याचं औषध आंघोळीच्या आधी द्यायला लागलो, बाही डाव्या हातातून शेवटी काढायला लागलो, आठवडाभरात मारणं जवळजवळ थांबलं. तेव्हापासून मला त्यांचा राग आलेला नाही. मी हे सेशनमध्ये सांगितलं तर शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या की हे आमच्या स्लाइडमध्ये असायला हवं होतं. अगदी हवं होतं, कारण नर्स शांत राहते ती बऱ्याचदा काम नीट येत असल्यामुळे राहते, आणि काम शिकवण्यावरचा खर्च हाही तिला सावरण्यावरचाच खर्च आहे.

आता तिसरं सेशन. मी याच एका सेशनसाठी हे ट्रेनिंग घ्या म्हणेन.

विषय होता पेशंट गेल्यानंतर आपलं काय होतं. ताईंनी सुरुवातीला एक शब्द सांगितला, केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने 1989 मध्ये मांडलेला, त्याचा अर्थ मी माझ्या भाषेत सांगते, ज्या दुःखाला लोक दुःख मानतच नाहीत असं दुःख. म्हणजे तुम्ही त्या माणसाच्या नात्यातले नाही, तर तुम्हाला रडायचा काय हक्क. मग त्यांनी विचारलं की शेवटचं कोण गेलं आणि तुम्ही त्यानंतरच्या एका तासात काय काय केलं, फक्त केलेलं सांगा, वाटलेलं सांगू नका.

मी सांगितलं. खोली नंबर 7 मधल्या आजी, साडेतीन वर्षं होत्या. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी गेल्या, मी जवळ होते, हात हातात होता. डॉक्टरांना कळवलं, मुलाला फोन केला, तो म्हणाला सकाळी येतो. अटेंडंट मावशींना हाक मारली, दोघींनी मिळून आजींना पुसलं, लघवीची नळी काढली, केस विंचरले, त्यांना वेणी उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेली आवडायची तशी घेतली. चष्मा पुसून कपाटावर ठेवला. मग खोली 9 ची बेल वाजली, तिथे डायपर बदलला. मग सहाची शुगर बघायची वेळ झाली, सहा जणांची शुगर, चौघांना इन्सुलिन. मग हँडओव्हर, म्हणजे पुढच्या ड्युटीवालीला सगळ्यांची माहिती देणं. हँडओव्हरला मी म्हणाले, 'सात नंबर, चार दहाला एक्स्पायर, नातेवाइकांना कळवलंय, आठ नंबर, रात्री झोप बरी,' आणि पुढे गेले. दुपारी बारापर्यंत दारावरची पाटी काढली होती आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या पलंगावर दुसरे आजोबा होते.

हे सगळं मी एका दमात सांगितलं आणि चष्म्यापाशी आल्यावर माझा आवाज गेला. आणि मग त्या खोलीतल्या एकूण एक सिस्टरकडे असाच एक चष्मा निघाला हो. कोणाकडे न संपलेलं विणकाम, कोणाकडे एक चप्पल. जिचे सगळ्यांत कमी गुण आले होते ती त्या दिवशी पहिल्यांदा बोलली आणि वीस मिनिटं बोलली. ताईंनी मध्ये तोंड घातलं नाही, घड्याळ बघितलं नाही, सेशन दीड तासाच्या ऐवजी दोन तास दहा मिनिटं चाललं. अकरा वर्षांत आम्ही हे एकमेकींना कधीच सांगितलं नव्हतं, एकाच नर्सिंग स्टेशनवर शेजारी शेजारी बसून चार्ट लिहीत होतो तरी.

त्यानंतर आम्ही आपल्या आपण एक वही केली. पेशंट गेला की जी ड्युटीवर असेल तिने त्यात नाव आणि एक ओळ लिहायची, मेडिकल काही नाही, त्या माणसाबद्दलची ओळ. आणि हँडओव्हरला त्या खोलीपाशी आलो की ती ओळ वाचायची आणि मग पुढच्या खोलीकडे जायचं. अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. पहिल्या पानावर मी खोली 7 चं लिहिलं, 'वेणी उजव्या खांद्यावरून.'

आता चौथं सेशन, आणि इथे गाडी अडली. विषय होता बर्नआउट. मॅस्लॅक आणि जॅक्सन या दोघींनी 1981 मध्ये मांडलेले तीन भाग शिकवले, मन पार रिकामं होणं, समोरच्या माणसाकडे वस्तूसारखं बघायला लागणं, आणि आपण काही कामाचं करतच नाही असं वाटणं. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण दुसरा भाग मी स्वतःमध्ये बघितलाय, आपण 'सात नंबर' म्हणतो ना, 'फीड झाला का, चेंज झाला का,' ते तिथूनच सुरू होतं. इथपर्यंत उत्तम. पण उपाय काय तर पुन्हा श्वास, डायरी, झोपेची शिस्त, स्वतःसाठी वेळ काढा. तेव्हा मी हात वर करून म्हटलं की मला फळ्यावर एक हिशोब मांडू द्या.

आमच्या मजल्यावर 14 जण पूर्ण अंथरुणावर आहेत. बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. एकटीने ओढून चालत नाही, त्यांची कातडी कागदासारखी असते, चादरीवर घासली की सोलते, म्हणून दोन माणसं लागतात. एकाला पाच मिनिटं धरा, त्यात उशी लावणं, टाचा मोकळ्या ठेवणं, पाठ बघणं आलं. 14 पाचे 70 मिनिटं. दर 120 मिनिटांतली 70 मिनिटं दोन माणसं फक्त कूस बदलतायत, आणि रात्री आम्ही आहोत एक सिस्टर आणि दोन मावशी. उरलेल्या वेळात बाकीच्या 24 जणांच्या बेल, डायपर, औषधं, शुगर, कोणी उठून चालायला लागलं तर त्याच्यामागे धावणं, कोणी पडलं तर पुढचा सगळा तास गेला. मग एखादी फेरी चुकते. आणि सकाळी कोणाच्या तरी माकडहाडापाशी लाल चट्टा दिसतो, बोटाने दाबून बघितलं तरी पांढरा न होणारा, म्हणजे बेडसोरची सुरुवात, आणि आपल्याला नक्की माहीत असतं की तो कुठल्या फेरीचा आहे. घरी जाऊन अंथरुणावर पडल्यावर मला तो चट्टा दिसतो. आता सांगा यात मी श्वास कुठे घेऊ?

खोलीत शांतता. मग ताई म्हणाल्या याला नाव आहे, नैतिक घुसमट म्हणता येईल, अँड्र्यू जेमटन यांनी 1984 साली नर्सेसबद्दलच लिहिताना मांडलं होतं, बरोबर काय ते माहीत असतं पण व्यवस्थेमुळे करता येत नाही तेव्हाची घुसमट. आणि पुढे प्रामाणिकपणे म्हणाल्या की जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा 2019 मध्ये बर्नआउटचं वर्णन करताना तो आजार म्हणून न धरता कामाच्या जागेशी जोडलेली गोष्ट म्हणून धरलाय, तेव्हा तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि माझ्या पुढच्या स्लाइडमध्ये त्याचं उत्तर नाही. असं कबूल करणारी माणसं मी कमी बघितलीत. पण हेही म्हणेन की ज्यांना हे सगळं आधीपासून ठाऊक होतं त्यांनी ते पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तीन सेशन आम्ही आपण कुठे कमी पडतोय तेच शोधत बसलो होतो.

त्यांनी एक गोष्ट चांगली केली, तो फळ्यावरचा हिशोब फोटो काढून नेला आणि पाचव्या सेशनला इन्चार्ज सिस्टरना आणि मॅनेजमेंटच्या एकांना बोलावून समोर मांडला. आम्ही चार गोष्टी मागितल्या. लागोपाठ तीनच्या वर नाइट नको, ते मान्य झालं. हँडओव्हरला जास्तीची दहा मिनिटं, तीही ड्युटीत धरलेली, तेही मान्य. रात्री अजून एक सिस्टर, ते नाही, पण पहाटे चार ते आठ एक जादा मावशी द्यायचं ठरलं आणि खरंच दिली. पेशंट गेल्यावर त्या ड्युटीच्या सिस्टरला वीस मिनिटं सुट्टी, त्यावर बघू म्हणाले, अजून बघतायत. जे मिळालं त्याने माझ्या नाइटमध्ये किती फरक पडलाय ते कुठल्याही ॲपला जमलं नसतं.

ॲपबद्दल थोडक्यात. ड्युटीवर आमचे फोन लॉकरमध्ये असतात, नियमच आहे आणि बरोबर नियम आहे, त्यामुळे ज्या वेळी गरज त्या वेळी ॲप हाताशी नाही. नोटिफिकेशन दिवसा येतात, नाइटवाली तेव्हा झोपलेली असते, वेळ बदलायची सोय सेटिंगमध्ये मला तरी सापडली नाही. सलग किती दिवस केलं ते मोजतं आणि एक दिवस चुकला की पुन्हा शून्य, म्हणजे इथेही चुकल्याचंच ओझं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोज मूड विचारतं, तर ती माहिती मॅनेजमेंटला दिसते का हे मी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा सरळ उत्तर मिळालं नाही, मी मूड भरणं बंद केलं, तुम्हीही लेखी उत्तर मिळेपर्यंत भरू नका. फोनवरचं काउन्सेलिंग मात्र चांगलं, मी एकदाच घेतलं, बाईंनी चाळीस मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं, फक्त वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, नाइटवालीने तेव्हा झोपायचं का फोन करायचा.

शेवटचं सेशन आधाराच्या माणसांवर होतं. ताईंनी एमी वर्नर यांचा अभ्यास सांगितला, हवाईतल्या कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं पाहिलं, अतिशय अवघड परिस्थितीतल्या मुलांपैकीही साधारण एक तृतीयांश मुलं चांगली उभी राहिली आणि त्यांच्या बाबतीत वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे भरवशाचं निदान एक तरी मोठं माणूस जवळ असणं. मग विचारलं तुमचं ते माणूस कोण.

मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. माझ्या इथल्या पहिल्या वर्षी मी संध्याकाळची बीपीची गोळी चुकीच्या आजोबांना दिली होती. लक्षात आल्यावर माझे पाय गळाले. तेव्हाच्या ज्येष्ठ सिस्टर म्हणाल्या, 'आधी बीपी बघ.' बघितलं. 'आता डॉक्टरांना सांग, जसं झालं तसं सांग.' सांगितलं. 'आता लिही.' आणि मी लिहीत असताना त्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या, काहीही बोलल्या नाहीत, त्यांची ड्युटी संपलेली होती तरी आजोबांचं बीपी चार वेळा नीट येईपर्यंत उठल्या नाहीत. त्या रात्री त्या घरी गेल्या असत्या तर मी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला असता हे मला पक्कं माहितीये. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, आता त्या रिटायर झाल्यात, सेशन संपल्यावर बाहेर येऊन फोन लावला आणि सांगितलं.

तर कोणी घ्यावं? ज्यांची इन्चार्ज आणि मॅनेजमेंट निदान एका सेशनला बसायला तयार आहे त्यांनी जरूर घ्यावं. त्याशिवाय घेऊ नका, नाहीतर फक्त तुमच्यावर अजून एक काम वाढेल. ड्युटीच्या वेळात ठेवायला लावा, आमची दोन सेशन ऑफच्या दिवशी होती आणि लहान मुलं असलेल्या तिघी येऊच शकल्या नाहीत. आणि शिकवणाऱ्यांना विचारा की केअर होममध्ये एक अख्खी रात्र बसून बघितलीय का. आमच्या ताईंनी पाचव्या सेशनच्या आधी बघितली, स्वतःहून आल्या होत्या, सकाळी सातला त्यांचा चेहरा मी विसरणार नाही, आणि त्यानंतर त्यांचं बोलणंच बदललं.

माझी सगळ्यात मोठी तक्रार शेवटी लिहितेय. ट्रेनिंग फक्त नर्सेसना होतं, अटेंडंट मावशींना बोलावलंच नव्हतं. आजींची वेणी घालताना समोरचा हात मावशींचा होता, कूस बदलताना दुसरी बाजू त्याच धरतात, मार त्याही खातात, आणि पेशंट गेल्यावर पलंग पुसून नवीन चादर त्याच घालतात. वहीत मात्र आता त्या लिहितात, ज्यांना लिहायचा कंटाळा येतो त्या सांगतात आणि आम्ही लिहितो. पुढच्या बॅचला चार मावशींची नावं आम्ही दिलीयत, दोघींची घेतलीयत, उरलेल्या दोघींसाठी इन्चार्ज सिस्टरांकडे पुन्हा अर्ज केलाय, काय होतं ते इथेच येऊन लिहीन.